आतलं हँडल आणि आपलं इंजिनिअरिंग

व्हायवाला विचारतात तसा एक सोपा प्रश्न विचारते. गाडीतून खाली कसं उतरतात?

हसू नका, प्रश्न खरा आहे. आमच्या आप्पांची उतरण्याची पद्धत सांगते. गाडी थांबवायची, न्यूट्रल करायची, हँडब्रेक ओढायचा. मग सीटखालची पकड काढायची. काचेचं हँडल जिथं होतं तिथं आता नुसती दातेरी खुंटी उरली आहे, ती पकडीत धरून फिरवायची आणि काच अर्धी खाली घ्यायची. उजवा हात कोपरापर्यंत बाहेर काढायचा, बाहेरचं हँडल चाचपून ओढायचं आणि खांद्याने दार ढकलायचं. की उतरले आप्पा! पावसाळ्यात याच क्रमाने उतरायचं, फक्त बाही पिळायची हे एक काम वाढतं.

ही पद्धत तीन वर्षं चालू होती. गावात कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मी, मेकॅनिकलच्या थर्ड इयरची विद्यार्थिनी, मशीन डिझाइनला बरे मार्क मिळवलेली, दर सुट्टीत त्याच पिकअपमधून एस.टी. स्टँडवरून घरी जात होते. आप्पा खिडकीतून हात बाहेर काढून स्वतःचं दार उघडायचे, मग वळसा घालून यायचे आणि माझं दार बाहेरून उघडायचे. कारण माझ्या बाजूचं आतलं हँडल तर त्याच्याही आधी गेलं होतं. मैत्रिणीला मी एकदा म्हटलंसुद्धा होतं, "आमच्याकडे शोफर येऊन दार उघडतो!"

गाडी २००९ची, आप्पांनी २०१४ मध्ये सेकंडहँड घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण रड कंपनीची नाही. इंजिन आजही एका चावीत सुरू होतं. आप्पांचं ऑइल बदलण्याचं वेळापत्रक आपल्या मेसच्या फीस्टपेक्षा जास्त नियमित आहे. टायर, पाटे, क्लच, सगळं वेळच्या वेळी. पासिंगच्या आधी रिफ्लेक्टर नवे लागतात, पाट्या रंगवून होतात. मात्र केबिनच्या आत बघाल तर डॅशबोर्डच्या खणाचं झाकण रबरबँडने बांधलेलं. ब्लोअरचं बटण गायब, त्या जागी नुसता दांडा. उन्हाची झापड लटकते म्हणून सुतळी. दाराच्या पॅडच्या निम्म्या क्लिपा तुटलेल्या, म्हणून खड्ड्यात गाडी गेली की पॅड टाळ्या वाजवतं. आणि हँडलांचं वर सांगितलंच.

याचं कारण आळस नाही. इंजिन बिघडलं की गाडी थांबते, गाडी थांबली की भाडं बुडतं. आतलं हँडल तुटलं तर गाडी थांबत नाही, आतल्या माणसाचे हाल होतात. हाल सोसायचे असतात अशी आपल्याकडे समजूत आहे आणि सोसणारा तक्रार करत नसेल तर मग विषयच मिटला. पत्रा, टायर, इंजिन हे ‘गाडी’त मोडतं. हँडल, बटण, क्लिप हे ‘किरकोळ’मध्ये. माझं म्हणणं एवढंच आहे की हा ‘किरकोळ’ शब्द आपण, निदान इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांनी, जरा जपून वापरावा. का, ते सांगते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी फराळाला पाहुणे जमले होते आणि आप्पा रंगात येऊन माळशेजचा किस्सा सांगत होते. जुलै महिन्यातली रात्र. ओतूरवरून मेथी-कोथिंबीर भरून ते कल्याणच्या मार्केटला निघाले होते. घाटात पाऊस आणि धुकं, पुढचं काही दिसेना, म्हणून गाडी कडेला घेऊन थांबले. तेवढ्यात डॅशबोर्डखालून जळका वास आला आणि धूर निघायला लागला. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावलेला. त्या सॉकेटची वायर पत्र्याच्या कडेला घासून घासून सोलली होती आणि नेमकी तेव्हाच शॉर्ट झाली. बाराच व्होल्टची बॅटरी आहे, शॉक बसत नाही, म्हणून तिला कुणी भीत नाही. पण शॉर्ट झाल्यावर हीच बॅटरी शेकडो अँपिअर करंट देऊ शकते. अशा वेळी फ्यूज उडायला हवा. फ्यूज उडाला नाही, कारण तिथं फ्यूज नव्हताच. पूर्वी कधीतरी रस्त्यात फ्यूज गेला होता आणि कुणीतरी "तात्पुरती" जाड तार वेटोळून दिली होती.

आता उतरायचं, तर वर सांगितलेली पद्धत. काच बंद. पकड सीटखालून घरंगळून कुठंतरी गेलेली. डाव्या बाजूला सीटवर जुड्यांची पोती आणि त्या दाराचं हँडल आधीच गेलेलं. धुराने डोळे झोंबतायत. आप्पांनी अंदाजाने खाली हात घालून सापडेल ती वायर ओढून तोडली, धूर थांबला, आणि मग अंधारात चाचपडत पकड शोधली. "दोन-तीन मिनिटं लागली असतील," आप्पा म्हणाले, "पण काय सांगू, मला वाटलं आता कोथिंबिरीबरोबर माझीही भाजी होतेय!"

सगळे हसले. आईसुद्धा हसली. मीही हसले, पण हसता हसता माझ्या डोक्यात एकेक गोष्ट लागत गेली. फ्यूजच्या जागी तार, म्हणून धूर. हँडलच्या जागी पकड, म्हणून सुटका नाही. दोन ‘किरकोळ’ गोष्टी एका रात्री एकमेकींना भेटल्या होत्या. आणि त्या गाडीत बसून तीन वर्षं मी शोफरचे विनोद करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आप्पांना म्हटलं, "आप्पा, आज गाडी मला द्या."

"चालवायला?"

"नाही, खोलायला."

"बघ बाई," आप्पा म्हणाले, "खोलशील, पण परत लावशील का?"

सगळ्यात आधी फ्यूज. तार काढून टाकली, नवी वायर पत्र्यापासून लांब बांधून घेतली आणि बॉक्सच्या झाकणावर लिहिलेल्या आकड्याचा फ्यूज बसवला. हे काम इलेक्ट्रिशियन काकांकडून करून घेतलं, त्यात मी शहाणपणा केला नाही. मग हँडल.

आतल्या हँडलची रचना अगदी साधी असते. एक प्लास्टिकचं खोळीसारखं घर, त्याला दोन कान, कानांतून आरपार जाणारी पिन आणि त्या पिनभोवती फिरणारा ओढायचा भाग. त्याच्या मागे सळई, सळईचं दुसरं टोक कुलपात. आमच्याकडे घराचा एक कान मुळापासून फाटला होता आणि पिन हरवली होती. बाकी सळई, कुलूप, स्प्रिंग सगळं ठणठणीत. म्हणजे नखाएवढा एक तुकडा तुटल्यामुळे माणूस तीन वर्षं खिडकीतून हात काढत होता.

माझा पहिला उपाय तोच, जो तुमचा असता. फेविक्विक! जोडलं, दाबून धरलं, छान बसलं. आप्पांनी एकदा ओढलं आणि कान त्यांच्या हातात आला. आमच्या धाकट्या भावाने "थर्ड इयर!" एवढंच म्हटलं आणि तो पळाला.

यात फेविक्विकचा दोष शून्य, अक्कल माझी कमी पडली. त्या गोंदाचा जन्म मजेशीर आहे. १९४२ मध्ये अमेरिकेत हॅरी कूवर हा केमिस्ट बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होता, त्यात हा सायनोॲक्रिलेट हाती लागला आणि तो ज्याला त्याला चिकटतो म्हणून वैतागून बाजूला टाकला गेला. बाजारात यायला १९५८ उजाडलं. ज्याला त्याला चिकटणारा हा पदार्थ पॉलिप्रॉपिलीनला मात्र चिकटत नाही. अळवाच्या पानावर पाणी कसं पसरत नाही, गोळा होऊन घरंगळतं? तसंच पीपीच्या पृष्ठभागावर बहुतेक गोंदांचं होतं. पृष्ठभागाची ऊर्जाच इतकी कमी की गोंद त्याला नीट भिजवत नाही. मटेरियल सायन्सच्या पेपरात हे मी लिहिलं आहे हो! गाडीच्या दारात बसल्यावर आठवलं नाही, एवढंच.

मग प्लास्टिक कोणतं ते ओळखायचं ठरवलं. सोपी परीक्षा म्हणजे बादली. पीपीची घनता ०.९० च्या आसपास, ते पाण्यावर तरंगतं. एबीएसची १.०५ च्या आसपास, ते बुडतं. दाराच्या पॅडचा तुकडा तरंगला. हँडलचा कान बुडाला. म्हणजे एबीएस! एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं, दोन्ही कडा ॲसिटोनने मऊ करून दाबल्या की अक्षरशः एकजीव होतात. मोठ्या आत्मविश्वासाने ॲसिटोन लावलं. ढिम्म. शेवटी घर उलटं करून घासून पुसलं तर मागे दोन कोनांच्या मध्ये बारीक अक्षरं कोरलेली: ‘पीपी-टीडी२०’. म्हणजे पीपीच, पण त्यात वीस टक्के टाल्क, आपली शंखजिऱ्याची पूड. भरणीमुळे घनता पाण्याच्या वर गेली आणि बादलीने मला फसवलं. प्लास्टिकच्या भागांवर असं नाव कोरायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, भंगारात वेगळं करता यावं म्हणून. हॉस्टेलमधली एखादी तुटकी प्लास्टिकची वस्तू उलटी करून बघा, सापडेल. आधी वाचायचं, मग बादलीत बुडवायचं, हे मी उलट्या क्रमाने शिकले.

पीपीला गोंद नाही, पण उष्णता आहे. साधारण १६५ अंशाला ते वितळतं. आपली इलेक्ट्रॉनिक्स लॅबमधली साधी पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरते. (टोक फार तापलं की प्लास्टिक वितळण्याऐवजी जळतं आणि धूर डोक्यात जातो. काम ओसरीत करायचं.) चहाच्या जुन्या स्टीलच्या गाळणीची जाळी कापली. फाटलेला कान जागेवर बसवून आतल्या बाजूने ती जाळी तापल्या टोकाने प्लास्टिकमध्ये दाबून बुडवली, स्लॅबमध्ये सळई असते तशी. वर भर घालायला पीपीच पाहिजे, दुसरं प्लास्टिक मिसळत नाही. म्हणून त्रिकोणात पाच आकडा असलेल्या आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाच्या पट्ट्या कापून वितळवून भरल्या. दिसायला ओबडधोबड, पण मागची बाजू कोण बघतं?

एक चीर मात्र कानाच्या मुळापासून घरात बोटभर आत गेली होती. तिच्या टोकाला मी दोन मिलिमीटरचं भोक पाडलं. भाऊ म्हणाला, "तुटलेल्याला अजून भोक?" इथं मात्र मला उत्तर येत होतं. गोल भोकाच्या काठावर ताण साधारण तिप्पट होतो, हे किर्शने १८९८ मध्ये काढलं. तिप्पट ऐकायला जास्त वाटतं. पण लांब आणि टोकदार भोकाच्या टोकाशी ताण कितीतरी पट वाढत जातो, हे इंग्लिसने १९१३ मध्ये दाखवलं, आणि चीर म्हणजे तेच. टोक बोथट केलं की चिरेला पुढे जायला जोर मिळत नाही. आपण हे सूत्र पाठ करून दहा मार्कांना लिहितो. माझ्यापुरतं सांगायचं तर ते सूत्र मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं, हातात ड्रिल असताना.

आणि तुटण्याचं कारणही तिथंच दिसलं. कान घराला जिथं मिळतो तिथं आतला कोपरा काटकोनी होता, गोलाई नव्हती. दिवसातून तीस-चाळीस वेळा चढ-उतर करणारा माणूस, वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यावर ताण. ड्रॉइंगवर फिलेट दाखवली नाही म्हणून सर अर्धा मार्क कापतात तेव्हा आपण कुरकुरतो. तो अर्धा मार्क आमच्या आप्पांच्या बाहीत पाणी होऊन शिरत होता!

राहिली पिन. सायकलचा स्पोक दोन मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या एका टोकाला आटे आणि त्याची स्वतःची निपल असते. आटे असलेलं टोक ठेवून स्पोक कापला, दोन्ही कानांतून आरपार घातला, एका बाजूला वाकवला, दुसऱ्या बाजूला निपल आवळली. हँडल बसलं. आतून. खट्.

काचेच्या हँडलची गोष्ट वेगळी. त्याच्या आतले दाते झिजून सपाट झाल्यावर आप्पांनी ते कधीच फेकून दिलं होतं, आणि असले दाते दुरुस्त करण्यात अर्थही नाही. नवं हँडल तालुक्याच्या दुकानात सहज मिळतं, विकत घ्यावं. (डावीकडचं काढताना ते एका यू-आकाराच्या स्प्रिंग क्लिपने अडकलेलं असतं. हँडलमागे फडकं घालून बूटपॉलिश केल्यासारखं खालीवर ओढलं की क्लिप उडते. कुठं उडते ते बघायला आधीच एक माणूस उभा करावा.) पण नवं बसवण्याआधी मी डोअर पॅड काढून आत डोकावले. काच ज्या रबरी खाचेतून वर-खाली जाते ती खाच मातीने गच्च भरली होती. काच जड जात होती, म्हणून हँडलवर जोर येत होता, म्हणून दाते झिजले. नुसतं हँडल बदललं असतं तर वर्षभरात तेही गेलं असतं. खाच ओल्या फडक्याने साफ केली, सिलिकॉनचा स्प्रे मारला. आता काच दोन बोटांनी फिरते.

आता ब्लोअरच्या बटणाचा उल्लेख केला नाही तर आमचा भाऊ मला सोडणार नाही. ते बटण मी आपल्या लॅबच्या थ्री-डी प्रिंटरवर छापून नेलं होतं. पीएलएमध्ये, कारण लॅबमध्ये तेच असतं. हिवाळ्यात झकास चाललं. एप्रिलमध्ये बटण मेणबत्तीसारखं कललं. पीएलए साठ अंशांच्या आसपासच मऊ पडतं. अमेरिकेत ॲरिझोनात केलेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तासभर उन्हात उभ्या असलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचं तापमान सरासरी ६९ अंश भरलं होतं. आपल्याकडचं एप्रिलचं ऊनही काही मवाळ नाही. तिथं पीईटीजी हवं, त्याहून बरं एएसए. किल्लीची साखळी आणि कॉलेजचा लोगो छापून हे कधी कळलं नसतं, कारण लोगो उन्हात काम करत नाही.

इथं कुणीतरी म्हणेल, "एवढा उपद्व्याप कशाला? सगळीच हँडलं नवी आणायची ना!" आणली असती. आम्ही विचारलंही होतं. त्या मॉडेलचं आतलं हँडल दुकानात सुटं मिळेना, आलं तर पूर्ण डोअर पॅडसकट येईल असं सांगितलं, आणि डुप्लिकेट मिळालं ते सळईला जुळत नव्हतं. नखाएवढ्या कानासाठी अख्खं दार सजवायचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला त्याचं पोर्टल सुरू झालं. शेती अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात धरली आहेत. चांगलं आहे. पण दुरुस्तीचा हक्क मिळून काय करायचं, जर दुरुस्ती येणारा माणूसच नसेल? गॅरेजवाल्याला अशा कामात पैसे सुटत नाहीत, त्याला दोष देता येत नाही. तासभर खपून तो किती मागणार? ड्रायव्हरला वेळ नाही. उरलो आपण. चार वर्षं, वर्कशॉप, लॅब, आणि रात्री दोनपर्यंत जागायची सवय!

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. मी जुगाडाची आरती ओवाळत नाहीये. फ्यूजच्या जागी तार हा जुगाडच होता आणि आप्पांना त्यानेच कोंडलं होतं. जुगाड आणि दुरुस्ती यांत माझ्या मते फरक असा: जुगाड करणारा वस्तू चालू झाली की निघून जातो. दुरुस्ती करणाऱ्याला ती का तुटली हे माहीत करून घ्यावं लागतं. आणि काही भागांना आपण हात लावायचाच नाही. सीटबेल्ट, त्याचं बकल, पेडल, स्टिअरिंग, ब्रेकचं काहीही. तिथं नवा, अस्सल भाग आणि जाणकार मेकॅनिक, दुसरा पर्याय नाही. हँडलसुद्धा लावल्यावर मी आठवडाभर रोज शंभरदा ओढून पाहिलं, शेजारचे म्हणायला लागले की पोरीला सुट्टीत कामधंदा नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. फर्स्ट इयरला आपण सगळे फिटिंगचा जॉब करतो. लोखंडाचे दोन तुकडे, एकात खाच, एकात उंचवटा, कानस मारून मारून ते एकमेकांत बसवायचे. हाताला फोड येतात, सरांनी गेज लावून बघितलं की सही मिळते आणि जॉब भंगारात जातो. कधी कधी भंगारातही जात नाही. (माझा जॉब माझ्याआधी दोन सीनियर्सनी सबमिट केला होता. गंज मी काढला होता. सर, आता तीन वर्षं झाली, माफ करा.) कानस चालवायला शिकलो हे खरं, पण त्या खाचेत काहीही अडकलेलं नसतं. ती बसली नाही तर कुणाचंही काही अडत नाही.

माझं म्हणणं असं की त्या जॉबांपैकी एक जॉब घरून आणलेला असावा. प्रत्येकाने आपल्या घरातून, गाडीतून, शेतातून तुटलेला एक लहान भाग आणायचा. जर्नलमध्ये लिहायचं: हा कशाचा आहे, कशाने बनलाय, कुठून तुटला, का तुटला, काय केलं. आणि पुढच्या सेमला एक ओळ आणखी लिहायची: टिकला का? व्हायवा त्या शेवटच्या ओळीवर घ्यावा.

हे मी वर्कशॉपच्या सरांपुढे बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, झटकलं नाही. म्हणाले, "साठ मुलांचे साठ वेगळे जॉब, मार्क कसे देऊ? युनिव्हर्सिटी म्हणेल, एकाने क्लिप आणली आणि एकाने पंपाचं इम्पेलर, समान कसं?" खरी अडचण आहे. माझ्याकडे तिचं पूर्ण उत्तर नाही. पण सध्या तरी मार्क सगळ्यांना समान आणि जॉब सीनियरचा अशी स्थिती आहे, ती फार न्याय्य आहे असं नाही. सर हसले. एवढं मात्र म्हणाले की शनिवारी दुपारी एक बेंच, एक व्हाइस आणि सोल्डरिंगचा सेट मोकळा ठेवायला त्यांची हरकत नाही, मार्कांशिवाय येणार असाल तर. मार्कांशिवाय किती जण येतील, याची मला आपल्या सगळ्यांबद्दल धाकधूक आहे, माझ्यासकट. पण शनिवारी दुपारी हॉस्टेलवर आपण काय करतो तेही सगळ्यांना माहीत आहे.

स्टाफमधल्या काका-मावशींनीही यावं. लेडीज हॉस्टेलच्या मावशींच्या मिक्सरच्या झाकणाचा खटका गेलाय, त्या हाताने दाबून धरतात. तो खटका गेला की मिक्सर सुरूच होऊ नये अशी त्याची रचना असते. मावशींनी तिथं आगपेटीची काडी खोचली आहे. परवा हे बघितलं आणि मला ती फ्यूजची तार आठवली.

आप्पांना दिवाळीनंतर फोनवर विचारलं, हँडल कसं आहे? म्हणाले, "चाललंय. पण सवय जात नाही बघ. काल मार्केटात पोचल्यावर काच खाली घेतली, हात बाहेर काढला, तेव्हा आठवलं." सीटखालची पकड अजून तिथंच ठेवली आहे म्हणे, असू द्यावी म्हणून. डाव्या बाजूचं हँडल मी उन्हाळ्याच्या सुट्टीत केलं, ते पहिल्यापेक्षा चांगलं जमलं.

आणि हो. आपल्या मेसला सकाळी भाजी घेऊन येणारी पिकअप कधी नीट बघितली आहे का? मी परवा गॅलरीतून बघत होते. गाडी थांबली, काच खाली आली, एक हात बाहेर आला आणि बाहेरच्या हँडलकडे वळला. खाली जाऊन काकांना विचारलं. म्हणाले, "वर्ष झालं असेल ताई, त्यात काय एवढं?" दार बघून घेतलं आहे, कान शाबूत आहे, फक्त पिन गेली आहे. सायकल स्टँडमागे ज्या सायकली गंजत पडल्या आहेत त्यांच्या मालकांपैकी कुणीतरी एक स्पोक द्यावा, निपलसकट. शनिवारी मी बेंचवर आहेच.